उतारावर उभी राहणारी पिकअप

मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यात गाडी कुठे लावायची ते उतार बघून ठरतं. प्रत्येक गाडीवाल्याचा उतार ठरलेला असतो, आणि दुसऱ्याच्या उतारावर कोणी लावली तर दोन दिवस बोलणं बंद होतं. गाडीचं तोंड खाली करायचं, पुढच्या चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढायचा, गाडी सोडायची, वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. किल्लीने चालू होणारी गाडी शहरातल्यांची, असं आमचे लोक हसत म्हणतात. मीही लहानपणापासून तेच बघत आले. सेल्फ न लागणं, म्हणजे किल्लीने इंजिन न फिरणं, हा गाडीचा बिघाड आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बाची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिकअप जुनी, डिझेलची, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यातून त्याने मोगरा नेला, भात नेलं, वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या. मग त्याचं हृदय अशक्त झालं, पायांवर सूज येऊ लागली, आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मी पाड्यातल्याच शाळेत शिकवते. आमच्या घरात पहिली पदवी माझी, बी.एस्सी., तीही फिजिक्समध्ये, जव्हारला वसतिगृहात राहून मिळवलेली. हे मी सांगते तेव्हा काही जणांना फुशारकी वाटते. वाटू दे.

दिवाळीनंतर आमचा पाडा रिकामा होतो. तरणे पुरुष ठाण्याकडे, वसईकडे कामाला जातात. अशाच थंडीतल्या एका सकाळी बाला श्वास घेता येईना. ओठ काळसर पडले. रुग्णवाहिकेला फोन करायचा तर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि ती पोचेपर्यंत जो वेळ जातो तो त्याच्याकडे नव्हता. आईने आणि मी त्याला दोन्हीकडून धरून उतारापर्यंत नेलं, केबिनमध्ये बसवलं. मी दगड काढला. गाडी गडगडली, क्लच सोडला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. खाली ओढ्याच्या मोरीपाशी सपाट रस्त्यावर आम्ही उभे. उतार संपलेला होता. किल्ली फिरवली की आतून फक्त ‘टक्’ एवढाच आवाज येई.

धक्का मारायला पाण्यावर आलेल्या बायका धावल्या. एक म्हातारी काकू कासोटा आवळत म्हणाली, “मास्तरीण बाय, इतकं शिकलीस, बैल तरी घ्यायचास. बैलाला धक्का मारावा लागत नाही.” हसलं कोणी नाही. तीही नाही. ती बोलत होती आणि खांदा लावून ढकलत होती. किती वेळाने इंजिन लागलं ते मला सांगता येणार नाही. मी फक्त बाची छाती वरखाली होते का ते बघत होते.

जव्हारच्या दवाखान्यात तो वाचला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं पुन्हा होणार, आणि तेव्हा उशीर करू नका. मी मान हलवली. घरी येताना एकच गोष्ट मनात होती. पुढच्या वेळी ही गाडी लागली पाहिजे, आणि ती दारातून लागली पाहिजे.

स्टिअरिंग हाती आल्यावर मी गाडी दाखवली नव्हती असं नाही. गॅरेजच्या मिस्त्रीने आधी बॅटरी बदलायला सांगितली, ती बदलली. मग सेल्फ उघडून दुरुस्त केला. दोन्ही वेळा थोडा फरक पडला, पुन्हा तेच. त्याचंही खरं होतं. आमची गाडी त्याच्यापुढे चालू इंजिनाने, गरम होऊन उभी राहायची, आणि गरम असताना ती कशीबशी लागायची.

रविवारी मी शाळेच्या कपाटातला वीज मोजायचा मल्टिमीटर मागून आणला. बाजेवर पडून राहायचं सोडून बा म्हणाला, मी केबिनमध्ये बसतो, किल्ली मीच फिरवणार. गिअर काढलेला, हॅण्डब्रेक ओढलेला बघून मी हो म्हटलं.

आधी बॅटरी मोजली. भरलेली. मग बाला किल्ली फिरवायला सांगितलं आणि पुन्हा मोजली. सेल्फ फिरला नाही, पण बॅटरीचा आकडाही फारसा पडला नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कुठेतरी अडतंय. बॅटरीतून सेल्फकडे जाणाऱ्या जाड लाल वायरीवर मीटर लावला. तिथे सगळं ठीक. राहिली परतीची वाट. सेल्फमधून वीज इंजिनाच्या लोखंडात येते, तिथून चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, आणि चासीला बोल्टने आवळलेल्या काळ्या वायरीतून बॅटरीत परत. मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला धरलं, दुसरं इंजिनाच्या धडाला.

“बा, फिरव.”

आकडा शून्यापाशी राहायला हवा होता. तो चढला. मी पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा चढला. म्हणजे परतीच्या वाटेवरच अडत होतं. दिव्यांना थोडी वीज लागते, ती तेवढ्यातून निघून जाते. सेल्फला ओढ मोठी लागते, ती निघत नव्हती.

पान्याने काळ्या वायरीचा बोल्ट सोडवला. वायरीच्या टोकाखाली चासीचं लोखंड दिसायला हवं होतं. दिसला काळा ऑइलपेंट, थरावर थर, चकचकीत. बोल्टलाही, वॉशरलाही.

तो रंग मी लगेच ओळखला. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बा बॅटरी काढायचा, तिच्याखालची जागा घासायचा आणि पूजेसाठी चासी रंगवायचा. दुसरे बाहेरून रंगवतात. हा आतून, बोटाने, बोल्टाच्या खाचेपर्यंत. रंग सुकला की वायर त्याच्यावर आवळायची. आमच्याकडे पावसात लोखंड कसं सडतं ते त्याला माहीत होतं.

केबिनमधून त्याने विचारलं, काय सापडलं. खोटं सांगणं मला जमत नाही, आणि त्याला ते कळलंही असतं. मी बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला.

“रंग आहे, बा. वायर रंगावर बसलीय. लोखंडाला लागत नाही.”

त्याने बोल्ट फिरवून बघितला, नखाने खरवडला. मग हळू म्हणाला, “म्हंजे मीच अडवली तिला. इतकी वरसं.”

“तू रंगवलीस म्हणून चासी टिकली. तेवढी एक जागा उघडी सोडायची होती.”

“कोण सांगणार होता माना?”

त्याला सांगणारं कोणी नव्हतंच. त्याला कोणी शाळेत घातलं नव्हतं, गाडी तो बघून बघून शिकला होता, आणि बघून रंगाखालचं दिसत नाही. मग त्याने विचारलं, कॉलेजात हे शिकवतात का. मी म्हटलं, वीज परत यावी लागते एवढं शिकवतात. त्याने मान डोलावली.

पॉलिश पेपरने ती जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली. वायरीचं टोक घासलं, नवा बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. बाने किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीत इंजिन लागलं. त्याने ते बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. आई चुलीपासून उठून दारात आली. बाचा चेहरा आनंदी नव्हता. किती लोकांना त्याने मोरीपाशी थांबवलं असेल, ते तो मनात मोजत असावा.

त्या दिवसापासून गाडी उताराऐवजी आमच्या अंगणात सपाटीवर उभी राहू लागली. येणारेजाणारे विचारत, उतार सोडला का. आई म्हणे, पोरीने सोडवला.

होळी जवळ आली तेव्हा पहाटे पुन्हा बाचा श्वास अडकला. आम्ही त्याला दारातून सरळ केबिनमध्ये चढवलं. किल्ली फिरवली आणि गाडी लागली. मोरी ओलांडताना मी वेग वाढवला तशी त्याने माझ्या कोपरावर हात ठेवला. श्वासाश्वासाला थांबत म्हणाला, “हळू घे, बाय. लागली ना. आता पोचू.”

पोचलो. नंतर तो सहा दिवस होता, दवाखान्याच्या पलंगावर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, आई उशाशी. त्याचा जीव वाटेत, रस्त्यावर गेला नाही. सांत्वनाला आलेले बरंच काही बोलत होते. मी एवढंच धरून बसले होते.