बॅटरीचा निर्जळी उपास

लॅपटॉप उघडून परत मिटला की टेबलावर एखादा स्क्रू उरतोच. कुठला ते कळत नाही आणि टाकवतही नाही. माझ्याकडे अशा स्क्रूंची एक बरणी भरलीय. किस्सेही तसेच उरतात, पण त्यांना बरणी नाही. म्हणून लिहिते.

आधी माझ्याविषयी, कारण लोक विचारतातच. पिंपळे गुरवला घराच्या पुढच्या खोलीत मी लॅपटॉप दुरुस्त करते. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं मी म्हातारपणी शिकले, व्हिडिओ बघून आणि नातवाचा लॅपटॉप बिघडवून. कुणी "या वयात?" म्हणालं, की त्याचं मशीन मी सगळ्यात शेवटी हातात घेते.

आजचे किस्से एकाच घरातले, एकाच बॅटरीचे.

*

महाळुंग्याची ठकूबाई माझी जुनी मैत्रीण. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं चपात्या लाटल्या. एक दिवस ती उशीच्या अभ्र्यात लॅपटॉप घालून माझ्या दारात उभी.

"सुनेचं हाय. चाळीस टक्के दाखवतंय आन् पटकन मरतंय. परवा तीनवर अर्धा तास चाललं. ह्याच्या बोलण्याचा काय भरवसाच न्हाई."

सून म्हणजे कविता. एका मिक्सर कंपनीच्या हेल्पलाइनचं काम घरून करते. ग्राहकानं फोन ठेवला तर चालतं, पण आपल्या बाजूनं कॉल तुटला की तो तिच्या नावावर लागतो. असे दोन लागले होते. टीम लीडरनं सांगितलं होतं, अजून एक तुटला तर घरून काम बंद, रोज ऑफिसला यायचं. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि मांडीवर अंगावर पिणारं लेकरू. म्हणजे नोकरी गेलीच. त्यात आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून वीजवाले दुरुस्त्याही गुरुवारीच काढतात. कविताला गुरुवारची सुट्टी नाही, घरी इन्व्हर्टर नाही, आणि या मॉडेलची अस्सल बॅटरी आता मिळत नाही.

मी तपासलं. बॅटरी म्हातारी होती, पण मेली नव्हती. तिचा अंदाज चुकत होता. पोटात किती आहे, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. याला इलाज कॅलिब्रेशन. बॅटरी शंभर टक्के भरायची, वायर काढायची, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, काही तास तसंच पडू द्यायचं आणि मग एका दमात परत शंभर करायचं. यानं ताकद वाढते असं जे सांगतात, ते थापा मारतात. ताकद आहे तेवढीच राहते. फक्त बॅटरी खोटं बोलायची थांबते.

ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे उपास धरायला लावायचा. मग सरळ सांग की."

*

दोन दिवसांनी तिचा फोन. "उपास झाला. गुण न्हाई आला."

"पूर्ण बंद पडला होता?"

"पडायलाच लागला हुता. मग दुपारी वाईच चार्जिंग लावलं."

"का लावलंस?"

"आगं, उपासाला फराळ नगं का?"

चूक तिची नव्हती. आपल्याकडे उपासाला घरात रोजच्यापेक्षा जास्त शिजतं, तिनं तरी दुसरं काय समजावं? मी म्हटलं, "ठकूबाई, हा निर्जळी आहे."

"आसं हुतं तर आधी सांगावं मान्सानं," ती म्हणाली. "निर्जळीचं येगळं आस्तंय."

*

दुसऱ्या वेळी, कविताच्या सुट्टीच्या दिवशी, राखण करायला तिच्या मालकांना बसवलं. अण्णा, वय झालेले, डोळे पैलतीराला आणि लक्ष बैलगाड्यांच्या शर्यतीत. बॅटरी लवकर उतरावी म्हणून मीच सांगितलं होतं, की एखादा व्हिडिओ लावून ठेवा. कुणी बघायची गरज नाही, असंही सांगितलं होतं.

अण्णांनी शर्यती लावल्या आणि बघितल्या. मध्ये जेवायलाही उठले नाहीत. मला वाटलं, या वेळी काम होणार. संध्याकाळी फोन केला.

"अण्णा, बंद पडला का?"

"न्हाई. तीन टक्क्याला वायर लावली म्या."

"का?"

"फायनल लागली हुती."

मी एवढंच विचारलं, "कोण जिंकलं?"

"आमचंच बैल. गेल्या सालचीच शर्यत हाय ती, म्या मैदानात हुतो. पर परत बगायला काय हरकत हाय?"

*

तिसऱ्या वेळी ठकूबाईचा मुलगा संतोष मध्ये पडला. हा एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं मोजमापाची गेजेस कॅलिब्रेट करतात आणि प्रत्येकावर स्टिकर लावतात. तो म्हणाला, "मावशी, हे तुम्ही माझ्यावर सोडा. कॅलिब्रेशन हे आमचं रोजचं काम."

मी सोडलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर हिरवं स्टिकर. त्यावर तारीख, सही, सगळं नीट.

कविता म्हणाली, "अहो, पण अजून चार्जिंगलाच लावलेलंय. केलं कधी?"

"करतो की. आज सेकंड शिफ्ट आहे."

"मग स्टिकर?"

"स्टिकर आधी लागतं. साहेब राउंडला आले की तेच बघतात."

पुढे तिकडे गेले तेव्हा मी ते स्टिकर नखानं खरवडून काढलं. अजून चिकट डाग आहे तिथं.

*

मग मीच महाळुंग्याला गेले. बुधवार होता, कविताची सुट्टी, दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणून हातात तेवढा एकच दिवस. ठकूबाईनं दाराला आतून कडी घातली, अण्णांना देवळात पाठवलं आणि सगळ्या वायरी पदरात बांधून बसली. दुपारी लॅपटॉप एकदाचा शून्याला जाऊन बंद पडला. आता तो संध्याकाळपर्यंत तसाच राहायला हवा होता. धूळ बसू नये म्हणून तिनं तो चटईवर ठेवून वर पांढरा पंचा पांघरला. आम्ही दोघी बाजूला बसलो. बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. हवा यावी म्हणून मी कडी काढून दार तेवढं उघडं ठेवलं.

शेजारची पारूबाई ताक मागायला आली. दारातूनच तिनं ते बघितलं आणि चपला बाहेर काढल्या.

"कवा झालं?" तिनं हळूच विचारलं.

"मगाशीच," ठकूबाई म्हणाली.

"लई त्रास झाला का?"

"व्हय. लई दीस रखडलं हुतं. आज सुटलं."

पारूबाईनं पदर तोंडाला लावला. "मग आता? कुणाची वाट बगताय?"

"कुणाची न्हाई. सांजच्याला उठवायचंय."

पारूबाई चपला न घालताच गेली. ताकही राहिलं.

संध्याकाळी वायर लावली आणि बॅटरी एका दमात शंभर झाली. फराळ नाही, फायनल नाही.

*

गुरुवारी सकाळी मी तिथंच होते. काम माझं होतं, ते टिकतं की नाही हे बघायला मीच असायला हवं. शिफ्टच्या मध्येच लाइट गेली. कवितानं मोबाइलचं नेट जोडलं आणि काम सुरू ठेवलं. आकडा एकेक करून उतरत होता, न अडखळता, न उडी मारता. शिफ्ट संपत आली तेव्हा अकरा टक्के होते. तेवढ्यात एक शेवटचा कॉल आला, आणि टीम लीडर तो ऑफिसमधून ऐकत होता.

पलीकडे एक वयस्कर गृहस्थ; त्यांचं बोलणं कवितानं नंतर सांगितलं. मिक्सर चालू कसा करायचा, विचारत होते. मिक्सर नवा नव्हता, त्यांच्या घरात बऱ्याच वर्षांपासूनचा होता, पण त्याला हात त्यांनी पहिल्यांदाच लावला होता. कवितानं भांडं कसं बसवायचं ते सांगितलं. त्यांनी बसवलं. मग झाकण. मग चटणीला दाणे आधी घालायचे की मिरच्या, ते विचारलं. मग म्हणाले, आवाज असाच यायचा का हो? की मला आठवत नाही?

आठ. सात. कविता घड्याळाकडे न बघता शांतपणे सांगत होती. आपण फोन ठेवायचा नाही, असा नियम. चार झाले तेव्हा मिठाचा विषय निघाला.

तीनला ठकूबाईला राहवलं नाही. तिनं हेडफोनची वायर ओढली आणि लॅपटॉपकडे वाकली. स्पीकर सुरू झाला. कवितानं डोळे मिटले.

"बाबा," ठकूबाई म्हणाली, "आमचं तीन टक्के ऱ्हायलंय. तुमचं किती हाय?"

दोन झाले. मग ते म्हणाले, "माझंही तेवढंच असेल हो. पण कुठं दाखवत नाही."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी.