काळ्यावर पांढरे ठिपके

आमच्या हॉटेलात पाहुणे येतात ते वाळूत आडवे पडून जाडजूड कादंबऱ्या वाचायला. कुणाची खरी आई कोण, हे त्यांना शेवटच्या पानावर कळतं. हसू नये, पण माझीही तीच गत झाली. मी तोमासा. कुठल्या खोलीतल्या साहेबाची बायको खरी आणि कुणाची उसनी, हे मी नुसत्या टॉवेलांवरून सांगते. आणि माझ्याच शेजारी उभी राहून वर्षानुवर्षं मासे साफ करणाऱ्या नेरेइदाच्या पोटातलं मला कळू नये? राग येईल नाहीतर काय!

नेरेइदा म्हणजे आमच्या मालकीणबाईंची, दोन्या क्रूसिताची थोरली. नारळाच्या दुधातला तिचा मासा खायला राजधानीतून लोक गाड्या काढून येतात. बोलणं मोजकं, हात मात्र दिवसभर चालू. लग्न केलं नाही. बर्फवाला चागो तिच्यामागे किती वर्षं फिरला! दर खेपेला हिचं एकच, "यानिरिसचं शिक्षण होऊ दे." यानिरिस म्हणजे तिची धाकटी बहीण. तिला ताप आला तेव्हा हिनं तिला खांद्यावर टाकून चिखलातून डॉक्टरकडे नेलं होतं. पोरगी म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर माद्रिदला गेली, तर ही आठवडाभर जेवली नाही. बहिणीसाठी एवढं कोण करतं? पण मी आपली म्हणायची, चांगली आहे बिचारी.

मग दोन्या क्रूसिता गेली. आमच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस घरात प्रार्थना चालते, गाव येतं, कॉफी पितं. तिसऱ्या दिवशी कपबशा विसळता विसळता नेरेइदा एकदम म्हणाली, "तोमासा, यानिरिस माझी आहे."

"तुझीच की. बहीण आहे तुझी."

"बहीण नाही गं. माझ्या पोटची."

माझ्या हातातली बशी फुटली. मग सगळं निघालं. नेरेइदा सतराची असताना रस्ता मोजायला आलेला कुणी एक हॉटेलात उतरला होता. रस्ता झाला, तो गेला. दोन्या क्रूसितानं लेकीला डोंगरातल्या मावशीकडे नेलं, आणि येताना स्वतःच्या कडेवर तान्हं घेऊन आली. "या वयात देवानं दिलं," म्हणाली. आणि नेरेइदाला शपथ घातली: मी जिवंत असेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"आता ती गेली. नवव्या दिवशी यानिरिस येतेय, तिला सांगणार," नेरेइदा म्हणाली. "पण ती म्हणाली, जन्मभर फसवलंस, आणि परत गेली कायमची, तर? ताई म्हणून तरी मला फोन करते गं. तेही गेलं तर मी काय करू?"

मी तिच्यावर चिडले होते आणि मला रडूही येत होतं.

नवव्या दिवशी दुपारी यानिरिस आली. नेरेइदानं तिच्यासाठी काळा झगा शिवून पलंगावर ठेवला होता. आमच्याकडे आईबाप गेले की लेकरांनी नखशिखांत काळं घालायचं. आजीआजोबा गेले तर नातवंडांना काळ्यात पांढरं चालतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आंघोळ करून यानिरिस दारात आली, आणि अंगात तिचा स्वतःचा झगा. काळ्यावर पांढरे ठिपके!

मी उसळलेच. "अगं, लाज आहे का? आई मेलीय तुझी! गाव जमणार आहे! माद्रिदला जाऊन रीत विसरलीस होय?"

"रीत मला चांगली आठवते, तोमासामावशी," ती शांतपणे म्हणाली. "म्हणूनच हा घातला."

मला उमगायला वेळ लागला. नेरेइदाला लागला नाही. तिच्या मांडीवरचं सूप घसरलं, तुरीचे दाणे घरभर झाले.

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. मी माद्रिदला निघाले त्या दिवशी. आणि शपथ घातली. म्हणाली, मी जिवंत असेपर्यंत नेरेइदाला कळू देऊ नकोस, ती कोलमडेल."

"मला म्हणाली होती, तू कोलमडशील!"

"मग इतकी वर्षं फोनवर मी ताई ताई करत होते..."

"आणि मी बावळटासारखी ओ देत होते!"

नेरेइदानं छताकडे बघून आपल्या मेलेल्या आईला अशा काही शिव्या हासडल्या की मी घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग दोघी एकदमच हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि तशाच गुडघ्यांवर बसून तुरीचे दाणे वेचायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. मीही वेचू लागले, कारण रात्री पन्नास माणसं जेवायची होती.

संध्याकाळी ओसरीवर गाव जमलं. ठिपके सगळ्यांना दिसले. कुणी भुवई उचलली नाही, आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या सगळ्यांना ठाऊक होतं! चागोला तर केव्हापासून! एक मीच तेवढी ठोंबी.

प्रार्थना सांगणारी म्हातारी पाकिता प्रार्थनेच्या शेवटाला आली. शेवटी घरच्यांची नावं घेऊन त्यांना बळ मागायचं असतं. आठ दिवस घेतली होती तशीच तिनं डोळे मिटून नावं घेतली, "आणि तिच्या मागे राहिलेल्या तिच्या दोन लेकी, नेरेइदा आणि यानिरिस..."

"लेक एकच," नेरेइदा म्हणाली.

प्रार्थनेत मध्येच बोलणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. नेरेइदा उभी राहिली.

"लेक एकच, पाकिता. मी. ही माझी मुलगी."

पाकितानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. माळेचा एक मणी मागे सरकवला आणि पुन्हा सुरुवात केली, "आणि तिच्या मागे राहिलेली तिची लेक नेरेइदा, आणि नेरेइदाची मुलगी यानिरिस, यांना देवा, बळ दे."

"आमेन," चागो सगळ्यांच्या आधी ओरडला. मग अख्खी ओसरी ओरडली.