शेवटच्या वर्षावरच्या रेघा

माझी सून समुद्राचे आणि हवेचे आकडे कॉम्प्युटरला खाऊ घालते आणि त्यातल्या लाटा शोधते. वेव्हलेट म्हणतात त्याला. कुठली लाट किती दिवसांची, कधी चढली, कधी मेली, ते रंगात दिसतं. मी चौथीतून शाळा सोडलेला. या कामात काही दम नाही, हे तिला तोंडावर सांगितलंय.

बायको गेल्यावर सुनेने तिची वही मागितली. अमेरिकेत, बॉथेलला मुलाकडे आल्यापासून नऊ वर्षं बायको रोज सकाळी भिंतीवरचं हवेच्या दाबाचं घड्याळ बघून आकडा लिहायची. केमो चालू होती तेव्हाही, भिंत धरत जाऊन. वही दिली ही माझी चूक.

चित्र आलं. दोन्ही टोकांवर तिरक्या रेघा. शेवटच्या रेघांखाली तिचं आजारपणाचं अख्खं वर्ष.

"हे का खोडलंस?"

"खोडलं नाही, बाबा. तिथलं ट्रस्ट करता येत नाही. लाट ओळखायला मागचे आकडे लागतात, तसे पुढचेही. आईंच्या नंतर पुढे काहीच नाही."

"म्हणजे ती खोटं लिहायची?"

"तसं नाही हो. कुणाच्याही डेटाची टोकं अशीच असतात. पुढे कुणी लिहीत गेलं, तर रेघा पुढे सरकतील."

वही हिसकावून घेतली. पण रोज उठून काटा कोण बघतो? आठवड्याचे आकडे एकदम लिहायचो, काटा एरवी असतो तसे सगळे तीसच्या आसपास. तीन महिन्यांनी वही तिच्यापुढे आपटली. "घे. सरकव रेघा."

तिने आकडे भरले आणि ती हसली. "बाबा, नोव्हेंबरात वादळ झालं. शेजारचं झाड पडलं, दोन दिवस लाइट नव्हती. तुमचा काटा मात्र ढिम्म?"

"घड्याळ बिघडलं असेल."

"घड्याळ ठीक आहे. हे असलं जोडलं तर आईंचे खरे आकडेही नासतील."

गवंडीकामात पाट्या टाकणाऱ्याला मी दुपारच्या भाकरीआधी हाकलायचो. माझी पानं मीच फाडली. सुनेची माफी मागितली नाही, मागणारही नाही.

"किती दिवस लिहायचं?"

"रोज. बघून. वर्षभर तरी."

"वर्षभर मी टिकतो का, तेही काढ तुझ्या कॉम्प्युटरवर."

तिने चहा ठेवला.

सकाळी गुडघा चोळत भिंतीपाशी गेलो. काटा तीसच्या बराच खाली होता. तारीख घालून तेवढाच लिहिला. मधल्या महिन्यांची जागा कोरी सोडली.