भैरोबासाठी विणलेलं आभाळ

आधीच माफी मागतो. घर सोडण्यावर लिहायचा मला हक्क आहे का, हे मलाच नीट माहीत नाही. लोक परदेशात जातात. मी निरवांगीच्या एका वस्तीवरून फक्त बारामतीला आलो. पण आमच्या घरातून कॉलेजला निघालेला मी पहिलाच, आणि आई त्या दिवशी जशी रडली त्यावरून तरी मी फार लांब चाललो होतो. म्हणून लिहितोय, वस्तीवर राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या जवळच गेलेल्यांसाठी.

वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मोटरसायकलला माझी पेटी बांधली. रस्त्याला लागायच्या आधी आईनं भैरोबाच्या पाया पडायला थांबवलं. आमचा भैरोबा तोवर नुसत्या चौथऱ्यावर उघडाच होता. त्या आठवड्यात गावकऱ्यांनी चार खांब उभे करून स्लॅबच्या फळ्या ठोकल्या होत्या. आईनं फळ्यांकडं पाहिलं आणि तिचं रडू थांबलं.

"एवढी वर्सं आभाळ बघितलं देवानं. आता सिमिट बघत बसायचं व्हय?"

"पावसात भिजत हुता, ते बरं हुतं का?" आण्णा म्हणाले.

"भिजू द्या की. तुमी न्हाय का भिजत रानात?"

आण्णांनी गाडीला किक मारली. मी पाया पडलो, पण देवाकडं मागायचं काय ते सुचलं नाही.

आई क्रोशानं फार सुरेख विणते. आमच्याकडच्या कितीतरी दारांवर तिची तोरणं आहेत. उलट बाजूलासुद्धा एक गाठ दिसू देत नाही, हा तिचा अभिमान. तिनं ठरवलं, स्लॅबखाली देवाच्या डोक्यावर आपल्या हातचा चांदवा टांगायचा, अख्ख्या आभाळाचा. चैत्रातल्या जत्रेला, दिवेलागणीनंतर आमच्या अंगणातून दिसतं, तेच आभाळ. निळ्या दोऱ्याची जाळी आणि चांदणीच्या जागी पांढरं फूल.

शेजारच्या शांताकाकू हसल्या. "मखमलीचा मिळतो की बाजारात, झालरीसकट. टीव्हीवरचा रुमाल कशाला टांगती देवावर?"

"मखमलीवर चांदण्या कुठंबी चिकटवत्यात," आई म्हणाली. "मला जागच्या जागी पायजेत."

इकडं मी एमआयडीसीजवळच्या एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. सकाळी दुधाच्या कंपनीत शिफ्ट, मग कॉलेज. संध्याकाळी कंपन्यांचे दिवे लागले की आभाळ पिवळट होतं आणि जेमतेम पाच-सहा चांदण्या दिसतात. घरी असताना मी डोक्यावर कधी पाहिलंच नव्हतं. इथं, जिथं काही दिसत नाही तिथं, लायब्ररीतल्या पुस्तकात मला आभाळ भेटलं. कृत्तिकांचा आज दिसणारा उजेड तिथून चारशेहून जास्त वर्षांपूर्वी निघाला, हे वाचून मी पुस्तक मिटलं. आईला फोन केला.

"म्हंजी आपण बघतोय ते शिळं हाय?"

"हो."

"आन तरीबी एवढं ताजं?"

मी भौतिकशास्त्र शिकतो; हा प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

मोजून विणायला तिला चौकटीचा कागद हवा होता. मी पुस्तकातला नकाशा आलेखाच्या कागदावर उतरवायला घेतला. त्यात पूर्व डावीकडं छापली होती. भूगोलाच्या नकाशात पूर्व उजवीकडं असते, एवढं मला पक्कं ठाऊक. छपाईची चूक असणार म्हणून मी सगळं आभाळ उलटवून काढलं. दिवाळीला कागद दिला तेव्हा आईनं तो बराच वेळ न्याहाळला. सप्तर्षींना ती म्हातारीची बाज म्हणते. बाजेवर बोट ठेवून म्हणाली, "ही ह्या अंगाला असती व्हय?" मग स्वतःच म्हणाली, "तू शिकलायस. तुझंच खरं."

चार महिने ती विणत होती.

जत्रेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सरांनी संध्याकाळी कॉलेजच्या गच्चीवर नेलं. त्यांनी तोच नकाशा हातात घेतला आणि सरळ डोक्यावर धरला. वर बघितलं की पूर्व आपोआप पूर्वेला गेली. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, आभाळाचा खालून. एवढंच. आईची बाज आता मावळतीला टांगली जाणार होती, सगळ्या गावादेखत, आणि ती माझ्या शब्दावर.

फोन करून तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. बहीण राणीच्या फोनवर आवाजाचा मेसेज पाठवला: चूक माझी आहे, चांदवा लावू नका. तीन दिवस तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. मग आण्णांना फोन लावला, तर तो नेहमीसारखा रानात पाण्याच्या मोटारीपाशी राहिलेला, उचलायला कुणी नाही. जत्रेच्या दिवसापर्यंत रोज माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती, जाता आलं नाही. घर म्हणजे काय हे मला त्या तीन दिवसांत कळलं असावं. आपलं खोटं असलं तरी जिथं खरं मानतात, ती जागा. म्हणूनच तिथं चुकण्याची जास्त भीती वाटते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना राणीचा फोन आला.

"दादा, मोबाईल बिघडला हुता. आत्ता ऐकला तुझा मेसेज."

"चांदवा?"

"लागला काल. पर उलटा."

जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर आईनं आणि तिनं चांदवा अंगणात चार कोपरे धरून डोक्यावर ताणून पाहिला होता. आईनं एकदा जाळीकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं. मग तिनं तो पालथा केला. बाज उगवतीकडं गेली, कृत्तिका मावळतीला. सगळं जागच्या जागी. पण खाली आली उलट बाजू. एवढ्या मोठ्या कामात तिथल्या गाठी लपवता आल्या नव्हत्या.

"शांताकाकू सगळ्यांदेखत म्हणल्या, अगं, गाठी दिसत्यात की. आई म्हणली, माणसं गाठी बघतील, देव आभाळ बघंल."

मी विचारलं, "माझा मेसेज ऐकला तिनं?"

"ऐकला की. दोनदा लावाय सांगितला. म्हणली, मला ठावं हुतं म्हणावं. पर त्यानं सांगितलं, ते लई बरं झालं."