मामांचा वेगळा कप

बारामतीपासून इंदापूरपर्यंत असा एकही कप नसेल, ज्यातला शेवटचा घोट माझ्या मामेसासऱ्यांनी घेतलेला नाही! कन्हेरीला त्यांची पेरूची बाग आहे, पण चावा मारायला त्यांना दुसऱ्याच्याच हातातला पेरू लागतो. माझा चहा अर्धा झाला की त्यांचा हात पुढे आलाच, "बास करा जावईबापू, उरलेला माझा." इंदापूरच्या एका साखरपुड्यात तर त्यांनी नवरदेवाच्या ग्लासातलं सरबत संपवलं. तो बिचारा फोटोत रिकामा ग्लास धरून उभा आहे. या उष्ट्याच्या सोसाबद्दल मी एकदा छेडलं, तेव्हा डोळे मिचकावत म्हणाले, "माझ्या आज्याचा कप हाटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. येगळा. म्हणून मी समद्यांच्या कपातनं पितो. त्याच्या वाटचं!"

यंदा मामांची नात पुण्याच्या वसतिगृहातून ताप आणि सुजलेला घसा घेऊन आली. तिच्या ग्लासातला निम्मा उसाचा रस अर्थातच मामांनी प्यायला. महिनाभराने मामांना ताप, गळ्याला गाठी, आणि पोटात अशी आग की आमटीच्या वासानेच ओकारी. मामींनी मिरचीला शिव्या दिल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "मोनो नावाचा ताप आहे, लाळेतून पसरतो. त्यात जठराला सूज क्वचितच येते, तुम्हाला आलीय. आजोबा, हा कॉलेजच्या पोरांचा आजार हो!"

"ऐकलंस का गं?" मामा कण्हत कण्हत मामींना म्हणाले. "कॉलेजच्या पोरांचा!"

तिखट बंद, मऊ भात, थोडं थोडं दूध, सगळं कबूल. पण डॉक्टर शेवटी म्हणाले, "आणि काही महिने यांचा कप वेगळा ठेवा."

मामांचा चेहरा उतरला. घरी दोन दिवस त्यांनी दुधाला तोंड लावलं नाही. औषध रिकाम्या पोटात ठरेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर मामींनी ट्रे आणला. सहा कप, प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा. "निळा तुमचा, लाल जावईबापूंचा. आजपासनं समद्यांचाच येगळा हाय."

मामांनी सगळे दोरे निरखले. "समद्यांचाच व्हय? मग दे."

दूध पोटात राहिलं. इकडे माझा चहा अर्धा झाला आणि हात सवयीने थांबला. मामांचा हात पुढे आला, क्षणभर अडखळला, मागे गेला.

"प्या जावईबापू. बरा झालो की घेतो."

तो उरलेला अर्धा कप मला काही केल्या संपेना.