राक्षसाची दाढ मी उगाळली

सांगायची लाज वाटते. पण चहा पाजलात, तर ऐका माझा मूर्खपणा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. शिरूरजवळ घोडनदीच्या काठाला विहीर खणत होतो. वीस हात खाली कुदळ खणकन वाजली. माती झाडून पाहतो तर दाढ! केवढी? पाट्याएवढी! दगडासारखी जड.

मी चावडीत जाहीर केलं, "राक्षसाची हाय!" माझा शब्द कोण मोडणार?

मोडला मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी. "आप्पा, राक्षस गोष्टीतला. गोष्टीतल्याची हाडं जमिनीत कशी सापडतील?"

"मग ही दाढ कुणाची? तुमच्या आज्याची?"

चावडी हसली. मास्तर हसले नाहीत. "पुण्याच्या कॉलेजातल्या साहेबांना पत्र टाकतो. ते येईस्तोवर हात लावू नका."

हात लावू नका? माझ्या विहिरीतली वस्तू, आणि मला सांगता? त्याच दिवशी दाढेला शेंदूर फासला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण शेजारच्या सखूमामीची दाढ ठणकत होती. मी म्हणालो, "मामी, माणसं चावणारी दाढ हाय ही! तिच्यापुढं तुमची कीड काय टिकतीय?" सहाणेवर उगाळून लेप दिला. दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "उतार पडला बाबा."

झालं! तालुक्यात एवढ्या किडक्या दाढा आहेत हे मला तेव्हा कळलं. न्हावऱ्याहून माणसं आली, दौंडहून आली. लांबच्यांना मी कुऱ्हाडीनं तुकडे फोडून दिले. नाही कसं म्हणणार? सगळे पाया पडत होते ना!

महिन्यानं साहेब आले. "कुठाय दाढ?"

मी सुपारीएवढा तुकडा पुढं केला.

त्यांनी शेंदूर खरवडला, भिंग लावलं आणि मटकन खाली बसले. "अहो, हत्ती! हजारो वर्षांपूर्वी या नदीकाठी हत्ती चरत होते. अख्खी दाढ असती तर काचेच्या कपाटात ठेवली असती. खाली तुमचं नाव लिहून."

माझं नाव! ते मी तालुक्याच्या हिरड्यांना फासून बसलो होतो.

मास्तर आता टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. ते सहाणेवर उरलेला चुरा कागदाच्या पुडीत भरायला लागले. ते जास्त लागलं.

साहेबांनी वही उघडली. "नोंद करतो. कुणाला सापडली, काय लिहू?"

"लिहा, राक्षसाला," मी म्हणालो. "सापडली त्याला, आन् खाल्ली बी त्यानंच."