अठ्ठावन्नवरून बारा

माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाईंना सत्तावीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. शिक्षणाने त्या मानसशास्त्रज्ञ, पण रुग्णांच्या लेखी 'डोक्याच्या बाई'. पहिल्या वर्षी हे नाव त्यांना झोंबलं, नंतर चिकटलं. आता लोक दारावरची पाटी न वाचता त्याच नावाने विचारत येत.

नव्याने लागलेल्या मुलामुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावत, की सैनिकाचं 'ठीक आहे' खरं मानायचं नाही. पाय मोडलेला असला तरी वरिष्ठासमोर तो ठीकच असतो. हे त्या अशा ठसक्यात सांगत, की मंडळी वहीत दोनदा अधोरेखित करत. बाईंनी स्वतः ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं, एवढीच काय ती गडबड.

त्यांचा आवडता रुग्ण म्हणजे ड्रायव्हर. पुरवठ्याच्या ताफ्यात ट्रक चालवायचा. पुढचा ट्रक सुरुंगावर गेला तेव्हा याच्या हातात स्टिअरिंग होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. दर मंगळवारी तो पंधरा मिनिटं आधी येऊन वीस प्रश्नांचा कागद भरायचा. झोप, दचकणं, नको त्या आठवणी; त्रास जास्त तितके गुण जास्त. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न, सात महिन्यांनी बारा. बाईंनी फाइल बंद केली आणि तो उतरता आलेख पुढची सहा वर्षं दर प्रशिक्षणात पडद्यावर झळकवला.

मग एके दिवशी त्याची बायको आली. लेकीच्या घराची दुरुस्ती निघाली होती, पण वडील बरे असल्याचं कुणीतरी लिहून दिल्याशिवाय तान्ह्या बाळाला घेऊन ती माहेरी राहायला तयार नव्हती.

"तुमच्याकडे लिहिलेलंच आहे ना? तेवढं एका कागदावर उतरवून द्या."

बाईंनी हौसेने पेन उघडलं. लिहिता लिहिता, आपलं विचारायचं म्हणून विचारलं, झोपतात कुठे?

"दारात. खुर्ची आडवी लावून, बूट घालून."

कधीपासून, यावर बायकोच बुचकळ्यात पडली. आधीपासूनच, बाईंना तर सगळं माहीत असणार. बाईंनी पेनाला टोपण लावलं. चिठ्ठी आज मिळणार नाही, मंगळवारी त्यांना पाठवा, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

तो पंधरा मिनिटं आधीच आला. केस पिकले होते, बूट चकचकीत. ते बारा गुण खरे होते का, असं बाईंनी विचारल्यावर तो कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा टेबलाखाली बघू लागला. मग हळूहळू बोलला. आकडा उतरला की बाईंचा चेहरा खुलायचा, त्या चहा मागवायच्या. बाहेर बाकावर त्याच्याहून वाईट अवस्थेतली पोरं ताटकळत असायची. त्यांना जागा नको का?

"एकदम ब्रेक नाही मारला, बाई. दर आठवड्याला एक-दोन कमी करत आणले. तुम्हाला धक्का नको म्हणून."

सहा वर्षं हा माणूस बूट घालून दारात बसला होता आणि बाई पडद्यावर काठी टेकवून त्याचं कौतुक सांगत होत्या. त्याने फसवलं म्हणावं, तर तो फक्त वरिष्ठाला 'ठीक आहे' सांगत होता. आपण वरिष्ठ कधी झालो, हे बाईंनाच कळलं नव्हतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"नाही नाही, बाई, ठीक आहे..." म्हणता म्हणता तो थांबला.

बाईंनी वीस प्रश्नांचा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि आपली खुर्ची खिडकीकडे वळवून त्याच्याकडे पाठ केली. पूर्वी पाच मिनिटांत भरणारा कागद आज वीस मिनिटं चालला. मध्ये दोनदा पेन थांबलं, बाईंनी मान वळवली नाही.

बेरीज एकसष्ट आली.

"लेकीला काय सांगू?" त्याने विचारलं.

"मी सांगते. अजून बरे नाहीत म्हणून. आणि बरे आहेत असं कुणी लिहिलं होतं, तेही."

त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे आज चहा नाही."

बाईंनी घंटी वाजवून दोन कप सांगितले. त्यांच्याकडे आता पाचच मंगळवार उरले होते, आणि चहा यायच्या आत हेही त्याला सांगायचं होतं.